फॉन्ट उडालेली फाईल

बुधवार, २१ मार्च २०१२. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी गंगाधर बिडवे यांनी कचेरी रोडवरच्या आपल्या दुकानाचं शटर निम्मं वर केलं आणि आम्ही दोघं वाकून आत गेलो. एक मी, आणि दुसरे आमच्या साप्ताहिकाचे संपादक सोनटक्के सर. एक जुना कॉम्प्युटर बघायचा होता.

तो कोपऱ्यातल्या लोखंडी टेबलावर होता. पंधरा इंची, मागे पोट सुटलेला मॉनिटर, खाली आडवा डबा, डब्यावर चुन्याची बोटं पुसल्याच्या खुणा.

"बिडवे, हा विकायला काढलाय की सत्कार करायला?" सर म्हणाले.

"वय नका बघू, सर. काम बघा. दहा वर्षांत एकदा दुरुस्तीला गेला नाही."

"दहा वर्षांत माझी तीन वेळा अँजिओग्राफी झाली. मला कोण विकत घेईल?"

"तुम्ही चालू कंडिशनमध्ये नाही, सर."

सर हसले. मीही हसले असेन. मला नक्की आठवतं ते एवढंच, की मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि ते बंद होतं, म्हणून मनगटाकडे पाहिलं. चार बारा.

आमच्या कार्यालयातला कॉम्प्युटर आदल्या दिवशी जळाला होता. भारनियमन संपून वीज परत आली ती एवढ्या दाबानं, की पंखाही गेला. पानं गुरुवारी संध्याकाळी सहाच्या आत छापखान्यात द्यावी लागत. नवा कॉम्प्युटर आणून भागणार नव्हतं. आमचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर अंगठ्याएवढ्या एका लॉकवर चालायचं. ते लॉक डब्याच्या मागे, प्रिंटरच्या जुन्या पोर्टात बसवलं तरच अक्षरं उमटत. नव्या कॉम्प्युटरना ते पोर्ट येणं बंद झालं होतं. बिडवेंचं तहसील कचेरीसमोर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान. ते दुकान बंद करून बसस्टँडजवळ नवीन गाळा घेतायत आणि जुनं सामान काढतायत, असं सरांना कळलं होतं.

मी डब्याच्या मागे हात घालून पोर्ट चाचपलं. पंचवीस छिद्रांचं. होतं.

"दुकान कधीपासून बंद आहे?" मी विचारलं.

"शिवरात्रीपासून. महिना झाला बघा. तेव्हापासून याला कुणाचा हात नाही. विकायचा म्हणून आतलं सगळं कालच काढून टाकलंय. माझे फॉन्टपण काढले. विंडोज आणि वर्ड, बास."

मी बटण दाबलं. पंखा घरघरला, मग सुरळीत झाला. कोपऱ्यातलं घड्याळ बरोबर वेळ दाखवत होतं, तारीखही बरोबर. म्हणजे आतला सेल जिवंत होता. मी डायरीत एकेक गोष्ट लिहीत होते. हार्डडिस्क चाळीसची. आवाज नाही. मेमरी कमी, पण आम्हाला चार पानंच लावायची होती. कळफलकाची अक्षरं पुसलेली. त्याचं मला काही नव्हतं. मी कळफलकाकडे बघत नाही.

सर खुर्चीत बसून बिडवेंशी राजकारण बोलत होते. मी काम करत होते, पण लक्ष पाच वीसकडे होतं. पाच वीसला केतकीची शाळा सुटायची. केतकी माझी मुलगी, तेव्हा आठवीत होती.

आधीच्या तीन आठवड्यांतल्या घटना अशा. शुक्रवार, २ मार्चच्या अंकात आम्ही तालुक्यातल्या एका बारावीच्या परीक्षा केंद्राची बातमी लावली. पेपर सुरू झाल्यावर वीस मिनिटांत टाईप केलेली उत्तरं झेरॉक्स होऊन वर्गात पोचत होती. बातमी माझी होती, नावासकट. चार दिवसांत केंद्र रद्द झालं. मंगळवारी, ६ मार्चला, माझ्या घरच्या पत्त्यावर पाकीट आलं. आत एक कागद, मराठीत टाईप केलेला. चार वाक्यं.

*तुमची मुलगी पाच वीसला शाळेतून निघते. निळी सायकल. ओढ्याच्या वळणावर ती एकटीच असते. पेपरात लिहिताना हे ध्यानात असू द्या.*

ते मी फक्त माझ्या नवऱ्याला दाखवलं. विलास एस.टी.च्या आगारात मेकॅनिक. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि पहिल्यांदा सायकलला कुलूप लावलं. सोमवार, १२ मार्चपासून केतकी रिक्षानं जायला लागली. सोनटक्के सरांना मी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी तो कागद पान एकवर चौकटीत छापला असता.

तर चार बावीसला मी वर्ड उघडलं. टायपिंगला मशीन अडतंय का ते बघायचं होतं.

वर्ड उघडलं आणि डाव्या बाजूला आपोआप एक पट्टी आली. टायपिंग चालू असताना वीज गेली, फाईल सेव्ह करायची राहिली, तर वर्ड ती स्वतःजवळ ठेवतं आणि पुढच्या वेळी समोर आणतं. पट्टीत एकच फाईल होती. तिच्याखाली वेळ होती: १९ मार्च, दुपारी १ वाजून १२ मिनिटं.

एकोणीस मार्च म्हणजे परवाचा सोमवार. आमच्या भागात सोमवारी सव्वा एकला वीज जायची. ते वेळापत्रक मीच दर आठवड्याला पान तीनवर लावत असे.

मी फाईलवर क्लिक केलं. मराठी फॉन्ट काढून टाकलेला, त्यामुळे पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आली. कुणी कळफलकावर मूठ आपटावी तशी. पहिले दोन शब्द असे होते:

rqeph eqyxh

कुणालाही हा कचराच वाटेल. पण मी टायपिंग शिकले ते अक्षरं झाकलेल्या मशीनवर. टायपिंग क्लासचे कुकडे सर कळांवर चिकटपट्टी लावायचे. माझ्या डोक्याला ही अक्षरं वाचता येत नाहीत, बोटांना येतात. मांडीवर पर्स होती. पर्सवर माझी बोटं हलली. डावी तर्जनी, डावी करंगळी, डावं मधलं बोट, उजवी करंगळी, उजवी तर्जनी. तुमची. पुन्हा डावं मधलं बोट, डावी करंगळी, उजवी तर्जनी, डावी अनामिका, उजवी तर्जनी.

तुमची मुलगी.

मला वाटलं, जुनंच पत्र आहे. मी पुढे गेले. ते जुनं नव्हतं.

*तुमची मुलगी आता फारुखच्या रिक्षात बसते. मागच्या सीटवर, डाव्या बाजूला. सायकल बंद केली म्हणून आम्हाला काही दिसत नाही असं*

तिथे संपलं होतं. तिथे वीज गेली होती.

माझे हात गार पडले. तेवढं मला कळलं, कारण पर्सच्या चेनचं लोखंड मला गरम लागलं. फारुखभाईंची रिक्षा लागून नऊ दिवस झाले होते. केतकी डाव्या बाजूला बसते हे मलाही माहीत नव्हतं.

"काय आलं हो ते?" बिडवे मागून म्हणाले.

ते उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी पाठीवर हात ठेवला तो खुर्चीच्या, माझ्या नाही, पण खुर्ची थोडी मागे झुकली.

"काही नाही. जुनी फाईल."

"कॅन्सल करा. व्हायरस असतो असल्यात."

"व्हायरस कसला," सर म्हणाले. ते आपल्या खुर्चीतूनच मान लांब करून बघत होते. "फॉन्ट उडालाय. अहो बिडवे, आमच्या मीनाताईंना हे असलंपण वाचता येतं. मागं आमचा फॉन्ट उडाला तेव्हा त्यांनी अख्खं पान दोन असंच तपासून दिलं होतं. एक चूक निघाली नाही."

"हो का?" बिडवे म्हणाले.

मी मान वळवली नाही.

"काय लिहिलंय मग, बाई?"

रस्त्यावरून एक टेंपो गेला. त्याचा आवाज संपेपर्यंत मी पडद्याकडे बघत राहिले. अर्धं शटर, आत आम्ही तिघं, आणि बिडवे माझ्या आणि शटरच्या मधे. सर एकाहत्तर वर्षांचे.

"रहिवासी दाखल्याचा अर्ज दिसतोय," मी म्हणाले. "मा. तहसीलदार साहेब, विषय, रहिवासी दाखला मिळणेबाबत. पुढं नाव नाही."

मी मनात आकडे मोजत होते, सहापर्यंत पोचले.

"हां," ते म्हणाले. "रहिवासीच असेल. आमच्याकडं तेच जास्त असायचं."

आणि त्या क्षणी मला खरी भीती वाटली. आधीची भीती कागदाची होती. गंगाधर बिडवे माझ्या दोन वर्षं आधी कुकडे सरांकडेच शिकले होते. मराठी टायपिंगची मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा ते पहिल्या फटक्यात पास झाले होते, त्यांचं नाव बोर्डावर खडूनं लिहिलेलं मी पाहिलं होतं. माझ्या बोटांना जे येत होतं ते त्यांच्या बोटांना माझ्याआधी येत होतं. त्यांनी पडदा वाचला होता. मी खोटं बोलतेय हे त्यांना कळलं होतं. आणि त्यांनी हो म्हटलं होतं.

मी वर्ड बंद केलं. बंद करताना ते विचारतं, ही फाईल पुन्हा बघायची आहे, की काढून टाकायची? पहिल्या पर्यायावर ठिपका आधीच होता. मी नुसतं एंटर दाबलं.

पर्समध्ये पेनड्राइव्ह होता. "यूएसबी चालतं का बघते," असं म्हणून मी तो पुढच्या पोर्टात लावला. काही झालं नाही. दुसऱ्या पोर्टात लावला. काही नाही.

"पुढचे दोन्ही मेलेत," बिडवे म्हणाले. "मागं आहेत, पण तिथं हात पोचत नाही. टेबल ओढावं लागेल."

"झालं," सर उठले. "मेमरी नाही, यूएसबी नाही. मीनाताई, हे घेऊन काय करायचं? उद्या सकाळी मी लातूरला माणूस पाठवतो. तिथं मिळेल एखादा धड."

"घेऊ, सर."

"घेऊ? तुम्हीच आता डायरीत फुल्या मारल्यात की चार."

"पोर्ट आहे. आपल्याला पोर्टच पाहिजे. लातूरहून येईस्तोवर दुपार होईल, मग लॉक चालेल की नाही कुणी सांगावं. सहाला पानं द्यायचीत."

"दोन महिन्यांत बंद पडला तर?"

"तर पडू द्या."

सरांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मी कधी वस्तूच्या बाबतीत असं बोलत नसे. पावशेर चहापत्ती आणताना तीन दुकानं फिरणारी बाई, असं ते मला चिडवत. मला कळलं की मी घाई करतेय आणि ती दिसतेय. म्हणून मी बिडवेंकडे वळले.

"चार हजार सांगताय, ते जास्त होतात. कळफलक गेलाय."

"कळफलक नवा देतो."

"तीन."

"साडेतीन. आणि बाई, नेण्याआधी फॉरमॅट मारून देतो. पाऊण तासाचं काम. तुम्हाला स्वच्छ मिळेल."

मी या वाक्याची वाटच बघत होते.

"नको. प्रिंटरचे ड्रायव्हर आहेत त्यात. तुमच्याकडं सीडी आहे त्याची?"

"सीडी कुठली आता."

"मग फॉरमॅट केल्यावर प्रिंटर कसा चालायचा? आम्ही आमचं बघू."

बिडवेंनी टेबलावरचा चुन्याचा डाग नखानं खरवडला. मग वाकून त्यांनी स्वतः वायरी काढल्या, एकेक, सावकाश, आणि डबा उचलून माझ्या हातात दिला. सरांच्या हातात नाही.

"न्या तसाच," ते म्हणाले. "सांभाळून न्या. आदळू देऊ नका."

बाहेर आल्यावर मी घड्याळ पाहिलं. चार अठ्ठेचाळीस.

सर सामान घेऊन रिक्षानं कार्यालयात गेले. "ऑफिसात पोचल्यावर चालू करू नका, वायर लावू नका," एवढंच मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "आधी घ्या म्हणता, मग लावू नका म्हणता." मी शाळेकडे चालत गेले, शेवटचा तुकडा पळत. पाच वीसला केतकी फाटकातून बाहेर आली. फारुखभाई उभेच होते. मी तिला हाक मारली. ती म्हणाली, "आई, तू का आलीस? मला डावी जागा धरायचीय, उजवीकडं ऊन लागतं."

विलास तिला आगारात घेऊन बसले. मी सव्वासहाला कार्यालयात पोचले आणि सरांना सगळं सांगितलं. ६ मार्चचा कागद दाखवला.

"हे तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तुम्ही छापलं असतं."

"छापलंच असतं." त्यांनी कागद घडी घालून मला परत दिला. "आता नाही छापणार," ते म्हणाले.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता पोलिसांनी डब्याचा पंचनामा केला. फाईल पंचांसमोर उघडली. फौजदारांनी विचारलं, ही कुठली भाषा? मी वाचून दाखवलं आणि त्यांनी ते माझ्या जबाबात लिहून घेतलं. डबा पोत्यात घालून, लाखेचं सील लावून नेला. लॉक आमच्याकडेच राहिलं. त्या शुक्रवारी अंक निघाला नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

बिडवेंचा जबाब मी नंतर वाचला. शिवरात्रीपासून दुकान बंद आहे, शटरला दोन किल्ल्या होत्या, त्यातली एक जानेवारीत हरवली, फाईल कुणी केली माहीत नाही, पडद्यावरचं आपल्याला वाचता आलं नाही. शेवटच्या वाक्याबद्दल मला विचारण्यात आलं. मी सांगितलं, त्यांना वाचता येतं. ते सिद्ध करता येण्यासारखं नव्हतं.

रविवार, १ एप्रिल. पोस्ट नसण्याच्या दिवशी, दाराखालून, पाकीट आलं. डबा तेव्हा पोलीस ठाण्यात सीलबंद होता.

*तुमची मुलगी आता वडिलांच्या गाडीवर बसते. मागच्या सीटवर. रिक्षा बंद केली म्हणून आम्हाला काही दिसत नाही असं समजू नका.*

फारुखभाईंची रिक्षा आम्ही २२ मार्चला बंद केली होती.

जूनमध्ये केतकीला सोलापूरला माझ्या भावाकडे ठेवलं. तिला आम्ही सांगितलं, तिथं गणिताचे शिक्षक चांगले आहेत. ती आज सत्तावीस वर्षांची आहे आणि अजून तेच समजते. तिसरं पत्र आलं नाही. परीक्षा केंद्रांची बातमी मी पुन्हा केली नाही. २०१४ मध्ये गुन्हा खरा पण आरोपी मिळून येत नाही, असा शेरा मारून तपास बंद झाला. सोनटक्के सर २०१९ मध्ये गेले, त्याच वर्षी अंकही बंद झाला.

गेल्या महिन्यात मला पोलीस ठाण्याची नोटीस आली. जप्त मुद्देमाल खरेदीदार या नात्यानं तीस दिवसांत घेऊन जावा, न नेल्यास नष्ट करण्यात येईल. विलास म्हणाले, "नष्ट होऊ दे." मी काही ठरवलं नव्हतं.

शनिवारी सकाळी फोन आला.

"बाई, बिडवे बोलतोय. कचेरी रोड."

तेरा वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

"बोला."

"तो कॉम्प्युटर सुटतोय म्हणे."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"नोटिशी आमच्याकडंच टाईप होतात, बाई. अजून." ते खोकले. "मला द्या परत. तुम्ही दिले तेवढे देतो, जास्त देतो."

"आता चालणार नाही तो. गोदामात गंजलाय."

"चालवायचा नाहीये."

"मग कशाला पाहिजे?"

मागे कुणाचा तरी बोलण्याचा आवाज होता, मग दार लागल्याचा, मग आवाज नाही.

"तो नष्ट होऊ देऊ नका," ते म्हणाले. "आधी घेऊन या. फोनवर नको. बुधवारी येतो घरी, तीनला."

"ती दुसरी किल्ली," मी म्हणाले. "कुणाकडं होती?"

"बुधवारी," ते म्हणाले.

सोमवारी मी ठाण्यात सही करून डबा घरी आणला. सील शाबूत होतं. तो पुढच्या खोलीत, पोत्यातच आहे.

आज बुधवार. चार वाजून पन्नास मिनिटं झाली आहेत. विलास तीनदा फाटकापर्यंत जाऊन आले. बिडवे आलेले नाहीत. त्यांचा फोन दुपारी दोनपासून बंद आहे.